बर्फाने शेकताना एवढं सांभाळा

पाय मुरगळला किंवा मुका मार लागला, तर पहिले दोन-तीन दिवस बर्फाने शेकल्यास ठणका कमी होतो.

• बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. ओल्या पंच्यात गुंडाळा. गोठवलेल्या मटारची पिशवीही घोट्याभोवती छान बसते.
• एका वेळी १५ ते २० मिनिटंच शेका. पुढचा शेक दोन तासांनी. शेकताना झोपू नका.
• त्वचा पांढुरकी किंवा बधिर झाली, तर बर्फ लगेच काढा.
• मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
• भाजलेल्या जागी बर्फ नको. २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा.
• चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून घ्या.