विश्लेषण : विमान उडवण्याआधी वारा मोजावा का लागला? डॉ. घाटगे यांचे काम का महत्त्वाचे?

नेरळहून माथेरानचा डोंगर चढताना कड्यांच्या वर घारी पंख न हलवता तरंगताना दिसतात. वारा उभ्या डोंगरावर आदळला की वर चढतो आणि घार त्याच हवेवर पंख पसरून राहते. विमानाचे संशोधनही अशाच निरीक्षणातून सुरू झाले. मात्र प्रत्यक्ष विमान उडाले ते हवेचा दाब आणि विरोध मोजल्यानंतर. या मोजमापाच्या परंपरेत एका मराठी संशोधकाचेही नाव आहे. पण चर्चा त्यांच्यापेक्षा तळपदेंच्या विमानाचीच अधिक होते.

पहिले आकडे कोणी मिळवले?

जर्मनीच्या ऑटो लिलिएंथाल यांनी पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून १८८९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सपाट फळीपेक्षा बाकदार पंखाला हवा जास्त उचलते, हे त्यांनी मोजून दाखवले. टेकड्यांवरून ग्लायडरने त्यांनी सुमारे दोन हजार उड्डाणे केली. १८९६ मध्ये अशाच उड्डाणात कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

वायुबोगदा कशासाठी?

अमेरिकेतील राइट बंधूंच्या १९०१ मधील ग्लायडरला गणिताइतकी उचल मिळेना. तेव्हा त्यांनी सहा फूट लांबीचा लाकडी बोगदा तयार केला. त्यात पंख्याने वारा सोडून छोट्या पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले. पंख हवेला खाली ढकलतो, तेव्हा हवा त्याला वर उचलते. त्याच वेळी ती त्याला मागेही खेचते. कमीत कमी विरोधात जास्तीत जास्त उचल मिळवणे, हेच विमानरचनेचे मूळ कोडे. या आकड्यांच्या बळावर १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्यांदा १२ सेकंद उडाले.

पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी पंखाला लागून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचे स्पष्टीकरण दिले. हा थर पंखापासून सुटला की उचल घटते आणि विरोध वाढतो.

डॉ. घाटगे कोण होते?

कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू येथे १९०८ मध्ये जन्मलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी याच प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली गटिंगेन येथे पीएच.डी. केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. घाटगे तेथे दाखल झाले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या विमानशास्त्र विभागातही त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या नेतृत्वाखाली रचना झालेले एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतात रचना होऊन नियमित उत्पादनात गेलेले ते पहिले विमान. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली आणि हवाई दलाच्या वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यावर शिकल्या. किरण या जेट प्रशिक्षण विमानाच्या रचनेची धुराही घाटगे यांच्याकडेच होती. ते १९६४ मध्ये उडाले.

तळपदेंच्या दाव्याचे काय?

मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याचे सांगितले जाते. त्याचा समकालीन ठोस पुरावा समोर आलेला नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची तपासणी भारतीय विज्ञान संस्थेच्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१५ मध्ये मुंबईतील विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध सादर झाला आणि वाद पेटला.

निकष कोणता?

वजन किती, पंखांचे क्षेत्रफळ किती, इंजिनाची ताकद किती, हे प्रश्न कोणत्याही विमानाला लागू होतात. घाटगे यांच्या विमानांनी त्यांची उत्तरे आधी कागदावर आणि नंतर धावपट्टीवर दिली. विमानशास्त्रातील मराठी वारसा सांगायचा, तर तो सांगण्यासाठी हे काम पुरेसे भक्कम आहे.