चालता धंदा विकणे आहे

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर लोणावळ्यात, खाली कामशेतला, वडगावला किंवा तळेगावच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या बदलतात, याचे इथल्या माणसाला आता नवल वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात जिथे भजी-चहा मिळत होता तिथे या हिवाळ्यात मोबाइलची कव्हरे टांगलेली असतात. या बदलत्या पाट्यांमागे एक वेगळ्या जातीचा व्यापारी असतो. दुकान उभे करायचे, दोन-तीन हंगाम चालवायचे, गिऱ्हाईक लागले की चालता धंदा विकायचा आणि आलेल्या पैशातून पुढचा मांडायचा. शहरात याला ‘सिरियल आंत्रप्रेन्योर’ असे भारदस्त नाव आहे. गावात मात्र ‘हा काही एका जागी टिकायचा नाही’ असे म्हणून लोक मोकळे होतात.

रमजानमध्ये मुस्लिम व्यापाऱ्याच्या घरी इफ्तार आणि तरावीहनंतर एक काम हमखास निघते. ते म्हणजे जकातीचा हिशेब. एकच दुकान वर्षानुवर्षे चालवणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. दुकानेच घेऊन विकणाऱ्याचा तसा नसतो. त्याला आधी स्वतःलाच विचारावे लागते की आपण नेमके विकतो काय?

एकामागून एक धंदे मांडण्याला इस्लाममध्ये कमीपणा नाही. मक्केहून मदिनेला आलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) रिकाम्या हाताने आले होते. मदिनेतल्या एका भावाने आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी ती नाकारली आणि बाजाराचा रस्ता तेवढा विचारला. तूप आणि पनीर विकण्यापासून सुरुवात केली आणि पुढे त्यांचे व्यापारी काफिले निघू लागले. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याच्यासाठी ‘मुदारबा’ ही भागीदारी आहे. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत. नफा आधी ठरवलेल्या हिश्शाने वाटायचा; तोटा झाला आणि मेहनत करणाऱ्याची चूक नसली, तर पैसा पैसेवाल्याचा जातो आणि दुसऱ्याची मेहनत वाया जाते. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) सीरियाला गेले, तो व्यवहार याच वळणाचा होता.

मावळालाही ही वाट अनोळखी नाही. बोरघाटाच्या तोंडाशी असलेले कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, पूर्ण केल्याचे तिथल्याच शिलालेखात कोरले आहे. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली आणि वाटसरूंचा घाट बाजारपेठेचा झाला. लोणावळ्याची चिक्की घाटातल्या कामगारांच्या गूळ-शेंगदाण्यातून आली, असे इथे सांगतात. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेला तो निधी होता. कारखान्याची धुरा सांभाळणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत शिकून आले होते. पुढे त्यांनी उत्तर प्रदेशात बहजोईला काचेचा कारखाना काढला. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचे काम करणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. लहानशा रेल्वे-ठेक्यापासून सुरुवात करून ते जहाज, साखर, विमान, मोटार असे एकेक धंदे उभे करत गेले. १९१९ मध्ये त्यांच्या सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून निघाले. तेही नवे बांधलेले नव्हते, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतलेले होते.

याच वालचंदांनी १९३३ मध्ये मालेगावजवळ उभारलेल्या रावळगावच्या साखर कारखान्याने पुढे गोळ्या बनवायला घेतल्या. ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ या गोळ्या चघळत महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावे, कृती आणि त्यांवरचे हक्क रिलायन्सच्या कंपनीला २७ कोटी रुपयांना विकले गेले. जमीन, इमारत, यंत्रे जुन्या कंपनीकडेच राहिली. म्हणजे कारखाना जागेवर आणि २७ कोटी केवळ नावाचे व चवीचे.

छोट्या बाजारातही हेच होते, फक्त आकडा लहान. लोणावळ्यात एकाच आडनावासारखी वाटणारी चिक्कीची दुकाने ओळीने दिसतात आणि खरे कोणते, असे पर्यटक गोंधळून विचारतो. तिथे नावाची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण नाव ही काही हातात धरता येणारी वस्तू नाही, मग ते विकणे शरियतला चालते का? हा प्रश्न जुन्या फकीहांपुढे या रूपात नव्हताच. १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने त्याचे उत्तर दिले : व्यापारी नाव, व्यापारचिन्ह यांना आजच्या व्यवहारात खरी किंमत आहे, ती मालकाची मालमत्ता आहे आणि विकता येते. अट एकच, त्यात फसवणूक नसावी.

भारतीय कायदाही इथे मजेशीर जागी येऊन थांबतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार कोणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. त्याच कलमात अपवाद दिला आहे तो मात्र नावलौकिकाच्या विक्रीचा. दुकानाचे गुडविल विकणारा, ठरलेल्या हद्दीत तोच धंदा पुन्हा मांडणार नाही, असे लिहून देऊ शकतो. ते लिहून घेतले नाही, तर आज दुकान विकणारा उद्या समोरच्या गाळ्यात तीच कढई चढवू शकतो आणि जुनी गिऱ्हाइके रस्ता ओलांडून तिकडे जातात. घेणाऱ्याच्या हाती मग पाटी आणि थकलेले वीजबिल.

खरी कसोटी लागते ती विकणाऱ्याच्या तोंडाला. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालून पाहतात, आतले दाणे ओले निघतात, ही हदीस अनेकांनी ऐकलेली असते. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. तो माणूस खोटे काही बोललाच नव्हता. फक्त कोरडे दाणे वर होते. आणि घेणारा कोणत्या धर्माचा, यावर दोष सांगण्याचे बंधन कमी-जास्त होत नाही.

चालत्या धंद्याच्या विक्रीत ओले दाणे कुठे असतात? पर्यटकांच्या गावात सगळ्यात सोपी जागा म्हणजे रोजमेळ. भुशी धरण भरल्यावरच्या रविवारचा गल्ला दाखवायचा आणि मार्चमधल्या मंगळवारचा दाखवायचा नाही. गाळ्याचा भाडेकरार आठ महिन्यांत संपतोय, मालक वाढवून देणार नाही, हे सांगायचे नाही. ज्याच्या हाताच्या चवीवर गर्दी होते तो कारागीर गावी परत निघालाय. खतावणीत दिसणारी उधारी दोन वर्षांपासून येत नाही. कामगारांची मागच्या वर्षांची देणी कोण देणार, हे कोणी बोलतच नाही. आणि जीएसटीची थकबाकी. ती तर विकणाऱ्याबरोबर जात नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ प्रमाणे विक्रीआधीच्या थकलेल्या कराला घेणाराही जबाबदार धरला जातो. नवा मालक पेढे वाटतो आणि सहा महिन्यांनी जुन्या मालकाच्या कराची नोटीस त्याच्या दारात येते.

रस्त्याचे काय? २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि लोणावळ्याच्या बाजारातून जाणारी बरीच गाडी बाहेरच्या बाहेर वळली. खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ही घाटाचा वळसा टाळण्यासाठीच आखला गेला. हे सर्वांना उघड दिसणारे आहे आणि उघड दोष सांगितला नाही म्हणून कोणी विक्रेत्याला दोषी धरत नाही. बंधन आहे ते झाकलेल्या दोषाचे. झाकलेला दोष निघाला तर सौदा मोडून पैसे परत मागण्याचा हक्क फिक्हने खरेदीदाराला दिला आहे. त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. आपल्या करार कायद्याचे कलम १७ मात्र सांगते की केवळ गप्प बसणे ही सहसा फसवणूक ठरत नाही. बोलण्याचे कर्तव्यच असेल किंवा गप्प बसणे हेच बोलण्यासारखे असेल, तर गोष्ट वेगळी. कोर्टात वाचायला ही पळवाट पुरेल. रोजा ठेवून सही करणाऱ्याला ती पुरत नाही.

इमाम अबू हनीफा हे इस्लामी कायद्याचे मोठे पंडित, पण पोट भरत ते कूफ्यातल्या रेशमी कापडाच्या व्यापारावर. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले एक कापड दोष न सांगता विकले. घेणारा कोण होता, ते कळेना. चरित्रकार सांगतात की इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम दान करून टाकली. त्या कापडापुरती नव्हे, सगळी.

आणखी एक खोड बाजारात सर्रास दिसते. ‘काल एक जण पंचवीस लाखांना तयार होता’ असे सांगायचे, हवे तर ओळखीचा माणूस उभा करून बोली वाढवायची. याला अरबीत ‘नजश’ म्हणतात आणि ते निषिद्ध आहे. दुसऱ्याचा सौदा ठरत आला असताना मध्ये शिरून तो मोडणेही निषिद्धच. दलालीच्या धंद्यात ही दोन कलमे पाळायची म्हटली, तर निम्म्या चहाच्या बैठकी रद्द होतील.

आता जकात. ज्याच्याकडे निसाबाइतकी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी संपत्ती चांद्र वर्षभर आहे, त्याने अडीच टक्के द्यायचे. समजा, एका चिक्कीवाल्याच्या दुकानात हिशेबाच्या दिवशी विकायचा माल, शेंगदाणे, गूळ आणि भरलेले खोके मिळून ६ लाखांचे आहेत. गल्ल्यात आणि बँकेत दीड लाख. वसूल होण्याजोगी उधारी ५० हजार. गुळाच्या व्यापाऱ्याचे देणे २ लाख. राहिले ६ लाख. जकात १५ हजार. भट्टी, काटा, फ्रीज, फर्निचर, स्वतःचा गाळा यांवर काही नाही, कारण ती कमाईची साधने आहेत, विकायचा माल नव्हे.

पण दुसऱ्या एकाने गाळा आणि त्यातले चालते दुकान घेतले तेच विकण्यासाठी. त्याचा माल शेंगदाणे नव्हेत, दुकान आहे. बहुतेक फकीहांच्या मते अशा वेळी हिशेबाच्या दिवसाच्या बाजारभावाने सगळ्याच्या सगळ्यावर जकात लागते. त्या दुकानाची किंमत ३० लाख असेल, तर ७५ हजार. तेच दुकान, तीच भट्टी. फरक पडतो खरेदीच्या वेळच्या नियतने. चालवायला घेतले आणि दोन वर्षांनी विकायचे मनात आले, तर नुसत्या मनात येण्याने ते व्यापारी माल होत नाही. विकल्यावर आलेला पैसा हिशेबात येतो. आता ती नियत कोण तपासणार? ना सीए, ना अधिकारी. विकण्यासाठी घेतलेल्या दुकानाला जकातीच्या रात्री ‘पोरांसाठी ठेवलंय’ म्हणणारा आणि ईदनंतर त्याचीच पाटी लावणारा माणूस एकच असू शकतो, आणि ते एकट्या त्यालाच ठाऊक असते.

चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ही रात्रही सरकत राहते. २०१५ मध्ये रमजान जूनमध्ये सुरू झाला होता, म्हणजे पावसाळी गर्दीसाठी लोणावळ्याची गोदामे भरलेली असताना. रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला की माल कमी असतो आणि आकडाही उतरतो. तारीख सोयीने बदलायची नाही, जी धरली ती दरवर्षी धरायची.

असे धंदे करणाऱ्यांपैकी सगळेच तरत नाहीत. चार दुकाने फायद्यात विकलेला माणूस पाचव्यात बुडतो. उसने घेऊन भरलेले डिपॉझिट आणि पावसाविना गेलेले दोन रविवार त्याला पुरतात. अशा माणसाची सोय जकातीतच आहे. कुरआनने जकातीचे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे. देणे फेडून ज्याच्याकडे निसाबाइतकेही उरत नाही, तो काही वर्षांपूर्वी स्वतः जकात देणारा असला तरी घेऊ शकतो. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी आणि सोडून देता आले तर अधिक चांगले, असेही कुरआन सांगतो. मात्र बुडीत उधारी सोडून द्यायची आणि तीच जकात म्हणून वहीत मांडायची, हे बहुतेक फकीह मान्य करत नाहीत. पैसे त्याच्या हातात पडायला हवेत, मग त्यातून त्याने काय फेडायचे ते तो फेडील.

काल ज्याच्या गल्ल्यावर माणसे उभी असत तो हात पसरत नाही. बाजारात सगळे ओळखतात, ते त्याला नको असते. घेणाऱ्याला ही जकात आहे असे सांगणे बंधनकारक नाही. म्हणून असे पाकीट ईदच्या आधी पोरांची ईदी म्हणून, नाहीतर नव्या धंद्याची भेट म्हणून त्याच्या घरी पोहोचते. देणाऱ्याच्या मनात त्या वेळी जकातीची नियत असली म्हणजे झाले.