चिमणीचें बिऱ्हाड

अमरकोशाच्या पुरवर्गांत घराच्या निरनिराळ्या अंगांचीं नांवें दिलेलीं आहेत. त्यांत 'कपोतपालिका' आणि 'विटंक' हे दोन शब्द येतात. पारव्यांना बसावयास घराला जी जागा काढीत, तिचीं हीं नांवें. मेघदूतांत यक्ष दशार्ण देशाचें वर्णन करितो, तेव्हां घरच्या बळीवर जगणाऱ्या पक्ष्यांच्या घरटीं बांधण्याच्या धांदलीनें गजबजलेले गांवांतील वृक्ष तो मेघाला आवर्जून सांगतो. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहेच. सारांश, घरावर पक्ष्यांचाही कांहीं हक्क आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे.

वाड्यांच्या काळीं हा हक्क मुद्दाम सांभाळावा लागत नसे. तुळईची खांच, कौलांखालची पोकळी, वळचण, भिंतीवरील तसबिरीची पाठ, असें कांहीं ना कांहीं चिमणीला सांपडे. ती काड्या आणून भरी, घरांतील वडील मंडळी कुरकुर करीत त्या झाडून काढीत, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां काड्या येत. चटक, कलविंक अशीं भारदस्त संस्कृत नांवें मिरविणारा हा पक्षी उघड्या फांदीवर घरटें क्वचितच करितो. त्याला भोंक, फट किंवा कोनाडा हवा. हल्लींच्या सिमेंटच्या सपाट छतांना आणि कांचेच्या तावदानांना फटच नसते. २०२० सालीं 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल प्रसिद्ध झाला. देशांत एकंदरींत चिमण्यांची संख्या स्थिर आहे, मोठ्या शहरांत मात्र ती घटली आहे, असें त्यावरून दिसतें. शहरांतील मुलांना चिमणीच्या मेणाच्या घराची गोष्ट तोंडपाठ असते. पण पुष्कळ ठिकाणीं खुद्द चिमणी चित्रांत दाखवावी लागते.

यावर उपाय म्हणून लोक दाणे टाकतात. तें चांगलेंच आहे. परंतु दाण्यानें पाहुणा येतो. बिऱ्हाड यावयाला खोली लागते. ती खोली सुटीच्या एका दुपारीं, मुलांना हाताशीं घेऊन, घरच्या घरीं करतां येते.

सागाची किंवा देवदाराची ८ इंच रुंद, ५ फूट लांब व पाऊण इंच जाड अशी एक फळी घ्यावी. सुताराकडील उरलेले तुकडेही चालतात. हत्यारें चारच पुरतात : करवत, गुण्या, गिरमिट आणि कानस. मागची फळी साडेसहा इंच रुंद व १२ इंच उंच. पुढची तितकीच रुंद, पण ८ इंच उंच. बाजूच्या दोन फळ्या ५ इंच रुंद. त्यांची उंची मागें साडेनऊ इंच आणि पुढें ८ इंच, म्हणजे छपराला आपोआप उतार येतो. तळ ५ इंच चौरस आणि छप्पर ८ इंच चौरस. छप्पर पुढें दोन इंच तरी बाहेर यावें, एरव्हीं आपला पाऊस आंत शिरल्यावांचून राहणार नाहीं. तळाला चार कोपऱ्यांत बारीक भोकें पाडावीं. एक बाजू वरून पाव इंच आंखूड ठेवून समोरासमोर दोन खिळ्यांवर फिरती बसवावी व खालीं एका स्क्रूनें बंद करावी. त्यामुळें वाराही खेळतो आणि साफसफाईही होते.

आतां मुख्य गोष्ट दाराची. पुढच्या फळींत वरून दोन इंचांवर मध्य धरून सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर व्यासाचें भोंक पाडावें व त्याच्या कडा कानशीनें गुळगुळीत कराव्या. भोंक याहून मोठें झालें कीं साळुंकीसारख्या दांडग्या पक्ष्याला वाट मिळते. दाराखालीं शोभेची दांडी मुळींच लावूं नये. चिमणीला तिची गरज नसते, आणि शत्रूला मात्र पाय टेकावयास जागा होते. आंतून रंग किंवा पॉलिश देऊं नये. उलट पुढच्या फळीच्या आंतल्या अंगावर करवतीनें चार आडव्या रेघा ओढाव्या, म्हणजे पिलांना वर चढतांना नखें रोवतां येतात. बाजारांत रंगीबेरंगी घरकुलें मिळतात, त्यांतील कित्येक आपल्या डोळ्यांसाठीं केलेलीं असतात. पेटीचें माप चिमणीच्या अंगाचें असावें.

पेटी जमिनीपासून ८ ते १० फुटांवर, भिंतीला घट्ट बसवावी. ती हलतां कामा नये. नैर्ऋत्येकडून पाऊस येतो आणि पश्चिमेकडून दुपारचें ऊन, म्हणून तोंड पूर्वेस किंवा उत्तरेस करावें. घरांतील छताच्या पंख्याजवळ ती कधींही लावूं नये.

बिऱ्हाडकरू आला म्हणजे घरमालकाचा धर्म सुरू होतो, आणि तो कांहींसा कठीण आहे. मुलांना वाटतें, झांकण उघडून पाहावें. पण तें होऊं देऊं नये. अंडीं साधारणतः तीन ते पांच असतात. तीं उबविण्यास सुमारें दोन आठवडे व पिलें उडून जाण्यास पुढें आणखी दोन आठवडे लागतात. तेवढा महिना दुरूनच पाहावें आणि वहींत तारखा टिपाव्या. पिलांना प्रथम कोंवळ्या अळ्या व किडेच लागतात. केवळ दाण्यावर तीं वाढत नाहींत. म्हणून पेटी लावणाऱ्यानें कुंडींतील झाडांवर कीटकनाशक मारूं नये. पिलें उडून गेल्यावर जुनें गवत काढून पेटी उकळत्या पाण्यानें धुवावी आणि उन्हांत वाळवावी.

दाण्यासाठीं एक फूट लांब व ८ इंच रुंद फळीला अर्ध्या इंचाची कड लावावी, पाणी निथळण्यास कोपरे मोकळे ठेवावे आणि वर चार खुंटांवर छप्पर घालावें. त्यांत बाजरी, नाचणी किंवा तांदळाच्या कण्या घालाव्या. खारट, तेलकट किंवा बुरसलेलें कांहीं घालूं नये. हा ताट पेटीपासून दूर असावा व आठवड्यांतून एकदां धुवावा, कारण घाणेरड्या ताटावरून पक्ष्यांत रोग पसरतात. कबुतरांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या विष्ठेमुळें श्वसनाचे विकार होऊं शकतात, व २०२५ सालीं मुंबईंतील कबुतरखाने बंद करण्यावरून मोठा वाद झाला. तेव्हां ताटाभोंवतीं दीड-दीड इंच अंतरानें उभ्या काड्या बसवाव्या. त्यांतून चिमणी जाईल, कबूतर जाणार नाहीं. शेजारीं मातीची उथळ परळ ठेवून तिच्यांतील पाणी रोज बदलावें.

२०१० पासून २० मार्च हा 'जागतिक चिमणी दिन' पाळला जातो. त्यामागें नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या 'नेचर फॉरेव्हर सोसायटी'चा पुढाकार आहे, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय. त्या दिवसाचें निमित्त करून पेटी लावावी. पण लगेच चिमणी येईल अशी अपेक्षा धरूं नये. कधीं आठवडा लागतो, कधीं वर्ष. तोंवर ताट धुणें एकाकडे, वही दुसऱ्याकडे आणि परळींतील पाणी सर्वांत धाकट्याकडे सोंपवावें. काडी घेऊन चिमणी दाराशीं प्रथम दिसेल, तेव्हां ती बातमी घरभर सांगण्याचा मान त्या धाकट्यालाच द्यावा.