शेळीचे दात आणि कॉम्प्युटरचा नंबर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज बोलायचंय ते गटाच्या खोलीतल्या टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरबद्दल. शहरात याला होम थिएटर पीसी म्हणतात. आपलं मागणं साधं असतं. पंचवीस-तीस जणींनी एकत्र बसून शेळीपालनाची फिल्म बघायची, सणावाराला एखादा पिक्चर लावायचा आणि गटाचा हिशोबही त्याच पेटीत ठेवायचा.

आधी आमची फजिती सांगते. गेल्या वर्षी ग्रामसंघासाठी ११ हजारांना जुना कॉम्प्युटर घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, आय-सेव्हन आहे, सगळ्यात भारी." मीच पुढं होऊन हो म्हटलं. मी बी.ए. झालेली, म्हणजे मला कळतं असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. गावात आणून बघतो तर पेटीच्या मागं फक्त व्हीजीएची जुनी जागा आणि टीव्हीला नुसतं एचडीएमआय. कन्व्हर्टर आणला तर चित्र आलं, पण आवाज नाही, कारण व्हीजीएच्या वायरीतून आवाज जातच नाही. त्यासाठी वेगळी वायर टाकली. मग इंटरनेटवरची फिल्म लावली, तर बोलणं पुढं आणि चित्र मागं. अर्ध्या तासात निम्म्या जणी उठून गेल्या.

ते ११ हजार अंतर्गत कर्जाच्या व्याजातून वर्षभर साठलेले होते. पुढच्या बैठकीत माझी मान खाली. तेव्हा आमच्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, शेळी घेताना मालक सांगतो म्हणून आपण दोन दाती मानतो का? तोंड उघडून बघतो. ह्याचे दात कुठं असतात ते शिकून ये."

शिकून आले, तेच आज सांगते. वही-पेन घ्या.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरची जात झाली. वय कळतं पुढच्या नंबरावरून. टेबलावरच्या कॉम्प्युटरचा नंबर चार आकडी असेल तर पहिला आकडा म्हणजे पिढी. ४५७० चौथी, ६५०० सहावी, ७५०० सातवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे घ्यायचे, १०४०० म्हणजे दहावी. आमचा निघाला आय-सेव्हन ८७०. तीनच आकडे, म्हणजे पहिली पिढी, २००९ साली बाजारात आलेली. जात भारी, पण शेळी म्हातारी!

पिढीचं एवढं काय? फिल्म साठवताना ती दाबून लहान केलेली असते, आपल्या वाळवणासारखी. कुरडई डब्यात थोडी जागा घेते, कढईत पडली की फुलते. फिल्म अशी फुलवायला प्रोसेसरमध्ये एक वेगळा भाग असतो. नव्या पद्धतीने दाबलेल्या फिल्मसाठीचा हा भाग सहाव्या पिढीत बराचसा आणि सातव्या पिढीत नीट आला. तो नसेल तर सगळा भार मुख्य भागावर पडतो, पंखा ओरडायला लागतो आणि चित्र अडखळतं. म्हणून फिल्म बघायला पहिल्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा सातव्या पिढीचा आय-थ्री बरा.

दुसरं बघायचं ते एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, ती सावकाश चालते आणि धक्क्याने बिघडते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. २५६ जीबीची पुरते, कारण तासाभराच्या चांगल्या फिल्मला साधारण एक-दोन जीबी लागतात. रॅम ८ जीबी असावी.

नवे सुटे भाग आणून जोडून घेऊ का, असं एका ताईंनी विचारलं होतं. एवढ्या पैशात नका करू. कंपन्या आपले कॉम्प्युटर काही वर्षांनी बदलतात, त्यातले मसाल्याच्या डब्याएवढे चपटे डबे जुन्या बाजारात मिळतात. डेल, एचपी, लेनोवो, तिघांचेही असतात. लॅपटॉपसारख्या चार्जरवर चालतात, वीज कमी खातात, त्यामुळे इन्व्हर्टरवर भार येत नाही. काहींना एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो. त्याला छोटा कन्व्हर्टर लागतो, पण त्यातून आवाजही जातो.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेलला मायक्रोसॉफ्ट अधिकृतपणे देत नाही. "टाकून देतो ताई" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. आम्ही लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, अपडेट येतात, हिशोबाला लिबरऑफिस आणि फिल्मला व्हीएलसी. चार दिवस परकं वाटलं, नंतर कुणी नावही काढलं नाही.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. तुमच्या टीव्हीला यूएसबीची जागा असेल आणि फक्त फिल्मच बघायच्या असतील, तर पेनड्राइव्ह लावून बघा. चालली तर कॉम्प्युटर घेऊच नका. आमच्या टीव्हीवर काही फिल्मचा आवाजच येईना आणि हिशोबही ठेवायचा होता, म्हणून आम्ही परत बाजारात गेलो.

या वेळी मावशींना सोबत नेलं. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "किती दाती?" दुकानदार बघतच राहिला. कॉम्प्युटरवर विंडोज होतं. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली आणि परफॉर्मन्स उघडलं. तिथं सगळं लिहिलेलं असतं. आय-फाइव्ह ७५००टी, रॅम ८ जीबी, डिस्कपुढं एसएसडी. मग आमच्याच पेनड्राइव्हमधली फिल्म दहा मिनिटं चालवून बघितली, पंख्याचा आवाज ऐकला. साडेनऊ हजार ठरले. पक्कं बिल ग्रामसंघाच्या नावाने घेतलं, सहा महिन्यांची हमी त्यावरच लिहून घेतली. स्पीकरला आणखी बाराशे गेले. टीव्हीचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता, आणि मागच्या ओळीत लेकुरवाळ्या बसतात.

पहिला कॉम्प्युटर दुकानदाराने परत घेतला नाही. पोरी त्याच्यावर मराठी टायपिंग शिकतात. नवा डबा कुणाच्याही घरी ठेवायचा नाही, असा ठराव झालाय. खोलीची एक किल्ली अध्यक्षांकडे असते, दुसरी मावशींकडे.