जुनी फाइल म्हणजे नकोशी फाइल नव्हे

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्थेने एखादे दुर्मीळ पुस्तक स्कॅन करून ठेवले, की त्या फाइलला पुन्हा कोणी हात लावत नाही. तिच्यावरची तारीख जुनी होत जाते, मोल मात्र घटत नाही. डिस्कवर जागा करायला जुन्या फाइली शोधून पुसताना वापरली जाणारी लिनक्समधील ‘फाइंड’ ही कमांड मात्र ‘एमटाइम’ या अटीने फाइलमधला मजकूर शेवटचा कधी बदलला, एवढेच पाहते. त्या अटीपुढे ‘+३०’ लिहिले तर पूर्ण दिवसच मोजले जातात, म्हणून किमान ३१ दिवस न बदललेल्या फाइली सापडतात. शिवाय साधी कॉपी केली तरी तिच्यावर आजची तारीख पडते. म्हणजे ही तारीख ना मजकुराचे वय सांगते, ना त्याची गरज.

मग डिस्क भरू द्यायची का? नाही. लॉग आणि तात्पुरत्या फाइलींना हीच कसोटी योग्य आहे, कारण त्यांचे काम काळाबरोबर संपते. म्हणून शोध त्यांच्याच फोल्डरपुरता ठेवावा. आधी नुसती यादी डोळ्यांखालून घालावी, मगच कमांडला ‘डिलीट’ जोडावे, तेही सर्वांत शेवटी. अटींच्या आधी लिहिले, तर अटी तपासण्यापूर्वीच फाइली पुसल्या जातात. इथे कचरापेटी नसते, म्हणून बॅकअप हवाच.