श्वानजातीचा अस्त आणि वंशसातत्य: व्हाइट टेरियर व कारवानी

एखादी प्राणिप्रजाती नष्ट होणे आणि पाळीव प्राण्याची एखादी जात नष्ट होणे या दोन भिन्न घटना होत. पहिलीत वंशच संपतो. दुसरीत बहुधा नाव व वेगळेपण संपते, रक्त मात्र अन्य जातींत उरते. इंग्लंडमधील व्हाइट टेरियर हे याचे ठळक उदाहरण आहे. शुभ्र रंग व सडपातळ बांधा यांच्या हव्यासातून प्रदर्शनांसाठी वाढविलेली ही नाजूक जात बहिरेपणाने ग्रासली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी नामशेष झाली. तत्पूर्वी, १८६० च्या दशकात, जेम्स हिंक्स यांनी बर्मिंगहॅम येथे तिचा बुलडॉगशी संकर करून बुल टेरियर घडविला. अमेरिकन केनेल क्लबने १८९३ मध्ये मान्यता दिलेल्या बॉस्टन टेरियरच्या पूर्वजांतही तिची गणना होते.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात परिचित असलेला कारवानी कुत्रा टेरियर नव्हे. टेरियर बिळातील सावज उकरून काढतो. कारवानी नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करतो. सांगली, जत, औंध व फलटण यांप्रमाणेच मुधोळ हेही दख्खनच्या संस्थानांपैकी एक होते. तेथील घोरपडे राजांनी या कुत्र्यांना आश्रय दिला आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. मालोजीराव घोरपडे यांनी १९३७ मध्ये पंचम जॉर्ज यांना या कुत्र्यांची जोडी भेट दिली, असे सर्रास लिहिले जाते. तथापि पंचम जॉर्ज यांचे निधन जानेवारी १९३६ मध्येच झाले होते. त्यामुळे या कथेतील वर्ष अथवा राजा यांपैकी एक तरी चुकीचा ठरतो.

नावाचा हा घोळ पुढेही टिकला. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीस ‘कॅरव्हॅन हाउंड’ म्हणतो, तर २००५ च्या टपाल तिकिटावर ‘मुधोळ हाउंड’ असे नाव आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर सशाची शिकार बेकायदेशीर ठरली आणि कारवानीचे मूळ कामच संपले. काम संपलेल्या जातीपुढे दोन धोके संभवतात: केवळ रूपासाठी पैदास आणि वेगासाठी ग्रेहाउंडशी संकर. पहिल्या मार्गाने व्हाइट टेरियर दुर्बल झाला. दुसऱ्या मार्गाने कारवानीचे रक्त उरेल, कारवानी उरणार नाही. म्हणून गावोगावच्या पशुपालकांकडील कुत्र्यांच्या वंशावळीची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था आणि परिसरातील प्राणिशास्त्र विभाग यांनी एकत्रितपणे हाती घ्यावे, असे हे कार्य आहे.