गाडीची घरघर: एका वेळी एकच चल बदला

बोरघाट उतरून पनवेलला आलो आणि पुढून घरघर सुरू. गॅरेजवाला म्हणाला, "ब्रेक पॅड, बेअरिंग दोन्ही बदलून टाकू." म्हटलं, थांबा जरा.

घाटात पॅड झिजतात खरे, पण ब्रेक न दाबताही आवाज होताच. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रल केली. इंजिन मंदावलं, आवाज तसाच. म्हणजे इंजिन सुटलं. डावीकडे वळताना मात्र आवाज वाढायचा. बघा, डाव्या वळणावर भार उजव्या चाकांवर जातो. म्हणून संशय उजव्या बेअरिंगवर. जॅक लावून चाक हलवलं, तर खुळखुळत होतं. तेवढंच बदललं, घरघर थांबली.

दोन्ही एकदम बदललं असतं तरी थांबलीच असती. कशामुळे, ते कळलं नसतं.